डोळ्यापाशी गळायलंय

पोस्टकार्डाएवढ्या कागदावरचे एक चित्र पुरे करायला मला ११ दिवस लागले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक दिवस चार शब्द कुठे बसवायचे या विचारात गेले. ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईचे असे व्हायला नको होते. पण खरे सांगायचे तर चित्र आणि अक्षर यांची गाठ आम्ही शाळेत कधी घालूनच दिली नाही. शासकीय रेखाकला परीक्षेला मुलांना बसवताना वस्तुचित्र वेगळे, स्मरणचित्र वेगळे, संकल्पचित्र वेगळे, आणि अक्षरलेखन तर चक्क भूमितीच्या पंक्तीला बसवलेले. अक्षर ही पट्टीने आखलेल्या दोन रेघांत कोंबायची गोष्ट आणि चित्र ही हात सैल सोडून काढायची गोष्ट, अशी मुलांची समजूत झाली आणि त्यांच्याबरोबर माझीही. निवृत्तीनंतर मी आठवड्याला एखादे छोटे भाष्यचित्र काढू लागले, तेव्हा ही समजूत मला पुरती नडली. माझी सुरुवातीची चित्रे आज पाहिली तर वर एक नीटनेटके चित्र आणि खाली एक नीटनेटके वाक्य, असे दोन अनोळखी प्रवासी एस्टीच्या एका बाकावर अंग चोरून बसल्यासारखे दिसतात.

ज्या चित्राबद्दल लिहिते आहे, त्याचे मूळ फेब्रुवारीतल्या एका अवकाळी पावसात आहे. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होते तेव्हा बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, गावाबाहेरच्या रिकाम्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथे दुसरे एक गाव नांदते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. हे सारे मला ठाऊक होते, पण ते स्कूटीवरून जाता-येता दिसते तेवढेच. त्या दिवशी तालुक्याहून परतताना आधी वावटळ उठली, मागोमाग टपोरे थेंब आणि गारा आल्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभ्या असलेल्या मला एका कोपीच्या दारातून हाक आली, “ओ बाई, या की आत. कशाला भिजायलात?”

आत वाकून शिरावे लागले. दोन बाजूंना बांबूच्या तट्ट्या, मधोमध आढ्याची काठी, त्या काठीवरून दोन्हीकडे सोडलेला एक मोठा फ्लेक्स आणि वरून पाचट टाकून सुतळीने आवळलेले छप्पर. फ्लेक्सची छापील बाजू आत होती. निवडणुका आणि वाढदिवस उरकले, की चौकाचौकांतले हे फलक कुठे जातात याचे उत्तर गावाकडे राहणाऱ्यांना माहीत असते: कडब्याच्या गंजीवर, गोठ्यावर, मोटारसायकलीवर आणि अशा कोप्यांवर. बेकायदा फलक हटवा म्हणून उच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे, पण हटवलेल्या फलकाचे पुढे काय होते हा प्रश्न बहुधा कोणाच्याच कागदावर नाही. या फ्लेक्सवर एक पुढारी होते. आढ्याची काठी बरोबर त्यांच्या जोडलेल्या हातांखालून गेली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा एका उतारावर खाली डोके, वर हनुवटी असा लटकत होता. डोक्याच्याही खाली, जमिनीलगत, पिठाच्या डब्यामागे ‘आपला हक्काचा माणूस’ ही अक्षरे उलटी झाली होती. समोरच्या उतारावर मात्र फलकाचा खालचा भाग सुलटा आला होता आणि तिथे, अगदी लहान मुलाच्या उंचीवर, ‘शुभेच्छुक’ या शब्दापुढे गॉगल लावलेल्या सात-आठ चेहऱ्यांची रांग होती.

त्या रांगेवर काम झालेले होते. एकाला चष्मा, एकाला भरघोस मिशा आणि एकाच्या कपाळावर रुपयाएवढे कुंकू, तेही चुलीतल्या कोळशाने. काम करणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी तिथेच बसली होती आणि मी तिच्या चित्रांकडे पाहते आहे हे कळताच तिने पाठ टेकून ती झाकण्याचा प्रयत्न केला. मी हसले नाही, रागावले नाही, म्हणून की काय, थोड्या वेळाने ती सरकली. चेहऱ्यांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर तिने वरचा शब्द उतरवून काढायला घेतला होता. ‘शुभे’ झाले होते आणि पुढे गाडी अडली होती. “बाई, ह्ये कसं काढायचं?” तिने ‘च्छ’वर बोट ठेवून विचारले. मी बाई आहे हे तिने आईच्या हाकेवरून धरले असावे. मी खरोखरच शाळेतली बाई आहे हे तिला माहीत असायचे कारण नव्हते. मी कोळसा घेतला आणि आधी अर्धा च, मग त्याच्या पोटाशी छ, असे काढून दाखवले. गुळगुळीत फ्लेक्सवर कोळसा घसरत होता. छ तसाही अवघड, त्याला दोन गाठी. तिने तीन वेळा काढला आणि तिसऱ्यांदा तो उभा राहिला.

तेवढ्यात तिची आई म्हणाली, “सायबाच्या डोळ्यापाशी गळायलंय, पातेलं सरकव.”

मी वर पाहिले. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फ्लेक्सला चीर होती आणि तिथून थेंब धरत होता. मला हसू आवरले नाही. ती बाई हसली नव्हती, कारण तिचे लक्ष पातेल्याकडे होते. मी हसले म्हणून तिने वर पाहिले आणि मग जरा उशिराने तीही हसली. फ्लेक्सचे तोंड आत का केले, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाहीर तोंड केलं तर येणारे-जाणारे हासतेत.”

हे शेवटचे वाक्य त्या वेळी माझ्या कानांवरून गेले. घरी येऊन, डोके पुसून, चहा घेऊन मी कागद काढला तेव्हा माझ्या मनात पुढाऱ्याचा डोळा आणि त्याखालचे पातेले एवढेच होते. पहिले चित्र अर्ध्या तासात झाले. रस्त्यावरून दिसणारी कोपी, तिच्यावर ऐसपैस पसरलेला फ्लेक्स, त्यावर हसरा चेहरा, दारात हंडा घेतलेली हडकुळी बाई आणि शेंबडे पोर. चित्र चटकन समजावे म्हणून मी चेहरा सुलटा केला होता आणि छापील बाजू बाहेर घेतली होती. म्हणजे जे व्हायला नको म्हणून तिने फ्लेक्सचे तोंड आत घेतले होते, तेच मी पहिल्या फटक्यात करून मोकळी झाले होते. हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले.

इंग्रजीत ‘कार्टून’ हा शब्द व्यंगचित्राला ज्या चित्रापासून चिकटला, ते चित्र मला त्या दोन दिवसांत आठवले. लंडनमध्ये नव्या संसदभवनाच्या भिंतींवर रंगवायच्या भित्तिचित्रांचे आराखडे १८४३ साली प्रदर्शनात मांडले होते, आणि जाड कागदावरच्या अशा पूर्ण आकाराच्या आराखड्यांनाच तोवर कार्टून म्हणत. ‘पंच’ या साप्ताहिकात जॉन लीच याने प्रदर्शन पाहायला आलेले फाटके, भुकेले लोक काढले आणि त्याला ‘कार्टून क्रमांक १’ असे नाव दिले. भाकरी मागणाऱ्यांना सरकारने चित्रे दाखवली, असा त्याचा रोख होता. माझ्या आणि त्याच्या विषयांत फारसे अंतर नव्हते; चित्राखाली उभी केलेली गरीब माणसे दोन्हीकडे होती. फरक इतकाच की लीचची माणसे भिंतीवरच्या चित्रांकडे पाहतात. माझ्या चित्रातली बाई कशाकडेच पाहत नव्हती. तिच्याकडे फक्त पाहायचे होते, आम्ही, रस्त्यावरून.

म्हणून दुसरे चित्र मी आतून काढले. पिठाच्या डब्याजवळ मी बसले होते तिथेच वाचकाला बसवले. ही जागा बदलल्याबरोबर अनेक गोष्टी आपोआप जुळल्या. आतून पाहिले की चेहरा उलटाच दिसणार, त्यामुळे तो उलटा काढण्यासाठी वेगळे निमित्त लागले नाही. बाई हडकुळी असायची गरज उरली नाही, कारण चित्रात लटकलेला होता तो पुढारी. बाई आपली बसलेली होती, पदर खोचून, स्वतःच्या घरात. मराठीत आपण ‘व्यंगचित्र’ म्हणतो आणि त्या ‘व्यंग’मध्ये दोन निराळे शब्द एकमेकांत मिसळून गेले आहेत: एक व्यंग, म्हणजे शरीरातली उणीव, आणि दुसरे संस्कृतातले व्यंग्य, म्हणजे सुचवलेला अर्थ. तो य आपण वाटेत कुठे टाकला कोण जाणे, पण माझ्या पहिल्या चित्रात पहिल्या प्रकारचे व्यंग भरपूर होते आणि दुसऱ्या प्रकारचे नावालाही नव्हते.

आता शब्दांकडे येते. चित्राखाली मी लिहिले होते, ‘छत मागितले, छायाचित्र मिळाले.’ मला हे वाक्य फार आवडले होते. शेजारच्या वहिनींनाही आवडले; त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले आणि “अगदी टाळीचे वाक्य आहे हो,” म्हणाल्या. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. वाक्य टाळीचे होते, पण ते चित्रातले कोणीच बोलत नव्हते. ते मी बोलत होते, बाहेर उभी राहून, मुलांच्या वहीवर लाल शाईने शेरा मारावा तसे. वाचकाने ते वाचले की चित्राकडे पुन्हा पाहायचे त्याला कारण उरत नव्हते. शिवाय कोपीतल्या बाईने छत मागितले होते असे मला कोणी सांगितले? तिच्याकडे छत होते, ते गळत होते, आणि त्याचा बंदोबस्त ती करत होती.

मथळा म्हणजे चित्रकाराने काढलेला सूर असे समजायला हरकत नाही, आणि कधी कधी तो सूर फार मोठा असतो. स्पेनचा चित्रकार गोया याने फ्रेंच सैन्याविरुद्धच्या युद्धातल्या अत्याचारांची मुद्राचित्रे साधारण १८१० ते १८२० या काळात कोरली. ती त्याच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकली नाहीत, १८६३ साली, म्हणजे तो गेल्यानंतर ३५ वर्षांनी झाली. प्रत्येक चित्राखाली एखादी तुटक ओळ आहे. गाव सोडून पळणाऱ्या लोकांच्या चित्राखाली, क्रमांक ४४ वर, त्याने लिहिले आहे, ‘हे मी पाहिले.’ संपले. चित्राला साक्षीदाराची सही मिळाल्यासारखे होते. मीही कोपीत बसून पाहिले होते, तेव्हा मलाही अशी ओळ घालण्याचा मोह झाला. पण पातेल्यात पडणाऱ्या थेंबाखाली ‘हे मी पाहिले’ असे लिहिणे म्हणजे सासरच्या लग्नात स्वतःच मिरवणे झाले असते. तिथे मी पावसातून आडोसा घ्यायला गेले होते, साक्ष द्यायला नव्हे.

मग शब्दच नकोत, असे ठरवले. शब्दांवाचून चित्र बोलते करणारे फार मोठे उदाहरण आपल्याकडे आहे. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षे एकही अक्षर न लिहिता घराघरांतल्या लोकांना हसवले, आणि ती चित्रे भाषा न कळणाऱ्यालाही कळतात. मीही चौकटीतून सगळे शब्द काढून टाकले, जमिनीलगतची ती घोषणासुद्धा. उलटा चेहरा, डोळ्याशी थेंब, खाली पातेले. स्वच्छ, देखणे चित्र झाले. ते मी आमच्या बहिणीला दाखवले. तिने ते हातात धरून बराच वेळ पाहिले आणि कळवळून म्हणाली, “बिचारा! निदान एक तरी पुढारी गरिबांसाठी रडतोय.”

त्या क्षणी मला शब्दांचे काम कळले, इतकी वर्षे शिकवून कळले नव्हते ते. चित्र स्वतःहून फार बोलते आणि अनेकदा नको ते बोलून बसते. डोळा, थेंब म्हटले की अश्रू. अश्रू म्हटले की करुणा. हा रस्ता इतका मळलेला आहे की वाचक त्यावरून न विचारता चालू लागतो. त्याला अडवून ‘अहो, हा अश्रू नाही, गळती आहे’ असे सांगायला शब्द हवे होते. आणि हे सांगणारे शब्द मी तयार करण्याचा प्रश्नच नव्हता, ते मी त्या संध्याकाळी ऐकले होते. तिच्या वाक्यात पुढाऱ्याचा डोळा म्हणजे छपरावरची एक खूण होती, आपण ‘खिडकीपाशी’ म्हणतो तशी. त्याने रडावे, हसावे, हात जोडावेत. तिला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. माझ्या ‘छत-छायाचित्रा’त राग होता, पण हा तिऱ्हाईतपणा नव्हता, आणि पुढाऱ्याला खरे झोंबणारे हेच होते.

आता प्रश्न राहिला तो वाक्य जसेच्या तसे लिहायचे का, हा. वाचणाऱ्यांना हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझे चार दिवस यात गेले. ‘सायबाच्या’ असे लिहिले तर आमच्याकडचा वाचक आधी त्या ‘सायबा’ला हसणार. गावाकडच्या माणसाच्या तोंडी ‘न्हाय’, ‘व्हय’ घातले की निम्मे काम झाले असे मानणारी चित्रे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांत विनोद बोलण्यात नसतो, बोलणाऱ्यात असतो. बरे, ‘साहेबांच्या’ असे शुद्ध करावे, तर ते आदरार्थी होते आणि छप्पर गळत असतानाही बाई हात जोडून उभी आहे असे वाटू लागते. तिने तर एकवचन वापरले होते, आणि त्या एकवचनात सगळी गंमत होती. ‘याच्या डोळ्यापाशी’ लिहून पाहिले, तर तिचा नवरा असल्यासारखे वाटले. ‘पुढाऱ्याच्या’ म्हणजे तर वर्तमानपत्रातली बातमी.

‘गळायलंय’बद्दल मात्र मी फार डळमळले नाही. आमच्याकडे आम्ही ‘गळतंय’ म्हणतो, मराठवाड्यात ‘गळायलंय’ म्हणतात. ती बोलण्यातली चूक नव्हे; क्रिया चालू आहे हे दाखवणारे ते धडधाकट रूप आहे, आणि माझ्या मते ‘गळत आहे’पेक्षा त्यातून पाणी जास्त गळते.

या दिवसांत मी व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची जुनी चित्रे काढून बसले होते. १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त येऊ लागलेल्या त्यांच्या छोट्या चौकटीत पुढारी बोलतो, अधिकारी बोलतो, त्यांच्या बायका बोलतात, चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस तेवढा गप्प असतो. सुरुवातीला ते भारतीय जनता म्हणून घोळकाच काढत, मग एकेक माणूस गाळत गाळत हा एक उरला, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या गप्प बसण्यात फार ताकद होती, हे मान्यच. बोलणारा स्वतःच्या तोंडाने स्वतःचे पितळ उघडे पाडतो आणि ऐकणारा नुसता पाहतो. पण माझ्या चित्रात सत्तेवरचा माणूस छापील होता, त्याला काही बोलता येत नव्हते. त्याचे बोलणे म्हणजे जमिनीलगत उलटी पडलेली ती घोषणा. बोलती होती ती कोपीतली बाई. भूमिका उलट्या झाल्या होत्या, तेव्हा लक्ष्मण यांच्याकडून शिकायचे ते ‘कोणाला गप्प बसवायचे’ हे नव्हे, तर ‘किती गाळायचे’ हे होते.

आणि मग ते एकदम सुचले, भाजी निवडताना. ‘सायबाच्या’ हा शब्दच कशाला हवा? डोळा कोणाचा हे चित्रात हातभर मोठे काढून ठेवले आहे. शब्द गाळला, आणि उरले, ‘डोळ्यापाशी गळायलंय. पातेलं सरकव.’ आता शब्दांना चित्राची गरज होती, कारण त्याशिवाय ते अर्धवट होते. चित्रालाही शब्दांची गरज होती, कारण त्यांच्याशिवाय ते खोटे होते. त्यातून एकवचन-आदरार्थीचा तिढाही सुटला. ज्याचे नावही घेतले नाही त्याला अहो म्हणायचे की अरे, हा प्रश्नच पडत नाही.

यानंतरचे काम हाताचे होते आणि ते मला सोपे गेले, तरी त्यातही अक्षराने आपला हिसका दाखवलाच. शब्द फुग्यात घातले असते तर इतक्या लहान चौकटीचा तिसरा हिस्सा फुग्यातच गेला असता. खाली मथळ्यासारखे ठेवले असते, तर ते सगळ्यांत शेवटी ऐकू आले असते. मला वाचकाची नजर आधी डोळ्यावर, मग शब्दांवर, मग पातेल्यावर हवी होती. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून डोळा डावीकडे वर घेतला, पातेले आणि मुलगी उजवीकडे खाली घेतली आणि शब्द मधल्या मोकळ्या जागेत, थेंब पडतो त्या वाटेशेजारी, फुग्याशिवाय ठेवले. बाईचे तोंड त्या शब्दांकडे वळवले, एवढे पुरले.

देवनागरीला उभी जागा फार लागते, हे पाट्या रंगवणाऱ्या कोणत्याही पेंटरने सांगितले असते. रोमन अक्षरे पायरीवर बसल्यासारखी बसतात. आपली अक्षरे शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. ‘डोळ्यापाशी’तल्या वेलांटीसाठी वर जागा ठेवावी लागली आणि ‘गळायलंय’चा अनुस्वार म्हणजे नेमका एक ठिपका, तो पडणाऱ्या थेंबांपैकी एक वाटू नये म्हणून थेंब लांबट काढले. खालची उलटी घोषणा काढताना मी कागदच फिरवून लिहिली, आणि कागद पुन्हा सुलटा केल्यावर एक गोष्ट दिसली. अक्षरे उलटी झाली की शिरोरेषा खाली येते आणि अक्षरे जमिनीवर पाय रोवून उभी राहतात, मात्रा मुळांसारख्या खाली जातात. ‘आपला हक्काचा माणूस’ वाचायला वाचकाला मान वाकडी करावी लागणार होती. मी ते तसेच ठेवले. ज्याला वाचायचे असेल त्याने तेवढे कष्ट घ्यावेत.

आकाराचा हट्ट माझा स्वतःचा आहे. एका स्तंभाच्या रुंदीतले असे चित्र इंग्लंडमध्ये ऑस्बर्ट लँकेस्टर याने १ जानेवारी १९३९ पासून ‘डेली एक्सप्रेस’मध्ये सुरू केले आणि तेव्हाच्या जर्मनीच्या ‘पॉकेट’ युद्धनौकांवरून त्याला पॉकेट कार्टून हे नाव पडले. लहान, पण तोफ असलेले. आता फोनच्या पडद्यावर चित्र हवे तेवढे मोठे करता येते, तरी मला वाटते की मोठे करून पाहावे लागणारे चित्र चुकलेले असते. मी छापायच्या आकाराच्या दुप्पट काढते, कारण निम्मे केल्यावर रेघ घट्ट होते आणि हाताची थरथर लपते. त्याचा तोटा असा की बारीक गोष्टी बुडतात. शिरोरेषा जाड झाली तर अक्षर तिच्यातच नाक मुरडून बसते.

चित्र एका नियतकालिकाकडे पाठवले आणि ते छापून आले. संपादकांनी, चांगल्या हेतूनेच असेल, माझ्या हातची अक्षरे पुसून चित्राखाली टाइपात छापले होते, ‘साहेबांच्या डोळ्यापाशी गळत आहे, पातेले सरकव.’ वर शीर्षक दिले होते, ‘विकास?’ मी फोन केला तेव्हा पलीकडून मला समजावण्यात आले की बोलीभाषा सर्वांना कळत नाही आणि ‘साहेबांच्या’ घातल्याशिवाय डोळा कोणाचा ते स्पष्ट होत नव्हते. चित्राच्या एक तृतीयांश भागात तो डोळा होता. मी फार वाद घातला नाही. आपल्या हस्ताक्षराला चित्राचा भाग न मानणारी ती पहिली व्यक्ती नव्हती; ३१ वर्षे अक्षरलेखन भूमितीच्या पंक्तीला बसवणारी मी कोणत्या तोंडाने बोलणार?

अंक घेऊन मी कोप्यांकडे गेले, तोवर एप्रिल उजाडला होता आणि गाळप संपले होते. रानात तीन-तीन दगडांच्या चुली, राख आणि पाचट एवढे उरले होते. फ्लेक्स त्यांनी सोबत नेला असणार. चांगले छप्पर कोणी टाकून जात नाही.

मूळ चित्र माझ्याकडे आहे. उजवीकडे खाली, पातेले सरकवणाऱ्या मुलीच्या पाठीमागे, छपराच्या उतारावर मी शुभेच्छुकांची रांग काढली आहे, प्रत्येक चेहरा वाटाण्याएवढा. एकाला चष्मा, एकाला मिशा, एकाला कुंकू आहे. ती कल्पना माझी नव्हे. त्यांच्याखाली कोळशासारख्या रखरखीत रेघेने, तिसऱ्या प्रयत्नात उभा राहिला होता तसा, एक च्छ आहे. छपाईत त्याचा डाग झाला आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. मूळ कागदावर मात्र तो नीट वाचता येतो, दोन्ही गाठींसकट.